सरकारी डाग

वांग्याच्या भाजीचा एक डाग पाडण्यासाठी आमच्या घरातली मोठी माणसं एकदा अख्खा रविवार राबली, तरी तो मनासारखा पडला नाही.

एरवी आमच्याकडे डाग पाडायला कष्ट लागत नसत. मी नुसती ताटावर बसले तरी ते आपोआप पडायचे (एक फ्रॉकवर, एक चटईवर आणि एक कुठे, ते धुण्याच्या दिवशीच कळायचं). पण हा डाग साधा नव्हता. तो भूगोलाच्या पुस्तकात, ठरलेल्या पानावर, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या आकाराचा पडायला हवा होता. शिवाय तो सरकारी होता, आणि त्याच्यावर माझी नववी अवलंबून होती.

सत्तर सालानंतरच्या नागपुरातली ही गोष्ट. आम्ही बाबुळखेड्यात राहायचो. बाबा एका सरकारी कचेरीत चपराशी होते. त्यांचा पगार पहिल्या आठवड्यात घरी यायचा आणि दुसऱ्या आठवड्यात कुणाचा निरोप न घेता निघून जायचा. वह्यांचं कसंबसं जमायचं, पण पुस्तकांचं नाव काढलं की बाबा एकदम उठून सायकलची हवा तपासायला लागायचे. अशात सरकारने आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी पुस्तक पेढी काढली. शाळेतून वर्षभरासाठी सगळ्या पुस्तकांचा संच फुकट मिळायचा. वर्ष संपलं की तो परत करायचा, म्हणजे पुढच्या वर्गाचा मिळायचा. इकडे कामठीची आत्या बाबांच्या मागे लागली होती, की पोर आठवीपर्यंत शिकली हे लय झालं, आता तिला शिवणाच्या मशीनवर बसव. बाबांनी आत्याला सांगून टाकलं होतं, की सरकार पुस्तकं देईल तोवर शकू शिकेल आणि ज्या वर्षी देणार नाही त्या वर्षी मशीन. शकू म्हणजे मी. (शिवणाचं म्हणाल, तर सुईत दोरा ओवून द्यायला मला आजही दुसरं माणूस लागतं!)

आमच्या शाळेतली पुस्तक पेढी घाटोळे सरांकडे होती. सर गणित शिकवायचे. उंच, सडपातळ, रोज गुळगुळीत दाढी करून येणारे, मिशीचा पत्ता नाही, आणि सदरा इतका पांढरा की मुलं त्यांच्याजवळून जाताना अंग चोरून जायची. आठवीचा संच न्यायला मी बाबांना घेऊन गेले, तेव्हा सरांनी सगळी पुस्तकं टेबलावर मांडली आणि एकेक उघडून त्यातल्या सगळ्या खोड्या आम्हाला बोटाने दाखवल्या. हा तेलकट डाग. हे फाटलेलं पान. ही शाई. ह्या मिशा.

"पाहून घ्या नीट. हे सगळं माझ्या ध्यानात आहे," सर म्हणाले. "जशी नेऊन राहिले तशीच परत आणायची. काही फरक दिसला, तर नववीचा संच भेटणार नाही."

मी मान डोलावली. बाबांनी तर कचेरीतल्या सवयीने सलामच ठोकला.

माझ्या आधी हा संच मुन्ना नावाच्या कुणा मुलाकडे होता. त्याने प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपलं नाव भरपूर शाई लावून लिहिलं होतं, आणि आतल्या चित्रांवर जमेल तसा उपकार केला होता. भूगोलातल्या एस्किमोला मिशी होती. विज्ञानातल्या चिरलेल्या बेडकाला टाय होता. इतिहासातल्या गव्हर्नर जनरलला काळा गॉगल होता, आणि तो त्यांना शोभतही होता. समासात तो सूचनाही लिहायचा. 'हे परीक्षेत येत नाही' असं त्याने एका धड्यावर ठसठशीत लिहून ठेवलं होतं. अनुभवी माणसाचा शब्द म्हणून मी तो धडा उघडलाच नाही. सहामाहीला नेमका तोच आला. तरी मला मुन्नाचा राग येत नसे. वर्षभर अभ्यासाला कुणीतरी सोबत बसलं आहे असं वाटायचं.

उन्हाळ्यात आठवी पास झाले. पुस्तकं परत करायची वेळ आली, आणि आईने ती हातात घेऊन बघितली. आई शाळेत गेलेली नव्हती, पण देण्याघेण्याची रीत तिला पक्की माहीत होती. शेजारणीकडून आणलेलं पातेलं ती चुलीवर ठेवण्याआधी एकदा घासायची आणि परत करण्याआधी दोनदा.

"लोकाचं भांडं आपण घासून देतो नं वं?" ती म्हणाली. "मंग सरकारचं पुस्तक असंच काहून द्यायचं?"

मला हे एकदम पटलं. आम्ही दोघी कामाला लागलो. मुन्नाचं नाव मी ब्लेडने खरवडून काढलं. मिशी, टाय आणि गॉगल खोडरबराने घालवले. फाटलेली पानं आईने भाताची खळ लावून अशी जोडली, की फाटलं कुठे होतं ते शोधावं लागे. तेलाच्या डागांवर तिने बेसन पसरलं, वरून कागद ठेवला आणि तांब्यात निखारे घालून तो फिरवला. बेसन तेल प्यायलं, डाग गेला. (त्या बेसनाचं पिठलं झालं नाही, असं आई म्हणायची. मी जास्त विचारलं नाही.) शेवटी सगळ्यांना खाकी कव्हर घातलं. संध्याकाळी संच असा दिसत होता, की सरकारने तो बघितला असता तर आम्हाला बक्षीस दिलं असतं.

बाबा घरी आले. मी पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. बाबांनी एक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं आणि खाली बसले.

"मुन्ना कुठी गेला?"

"खरवडला."

"अन् एस्किमोची मिशी?"

"खोडली, बाबा."

"अन् तो डाग?"

"तो आईने काढला."

बाबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आम्हाला खुर्चीची गोष्ट सांगितली. ती आम्हाला माहीत नव्हती, कारण इतकी वर्षं त्यांनी ती घरात सांगण्याची हिंमत केली नव्हती.

बाबांच्या कचेरीत तीन पायांची एक खुर्ची होती. कित्येक साहेब आले आणि गेले, ती भिंतीला टेकून उभीच. एकदा बाबांना तिची दया आली आणि त्यांनी घरून लाकूड नेऊन तिला चौथा पाय ठोकला. पुढे तपासणी आली. तपासणीत तीन पायांची खुर्ची सापडेना, आणि चार पायांची एक जास्त निघाली! हरवलेल्या खुर्चीची एक चौकशी लागली, सापडलेल्या खुर्चीची दुसरी. दोन्हीकडे जबाब द्यायला बाबाच. साहेबांनी त्यांना एकदा विचारलं, ही खुर्ची कुठून आली, आणि लगेच विचारलं, ती खुर्ची कुठे गेली. शेवटी एका संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर बाबांनी तो पाय उपटला. दुसऱ्या दिवशी दोन्ही चौकशा मिटल्या आणि सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

"सरकारले कमी झालेलं समजते," बाबा म्हणाले. "चांगलं झालेलं समजत नाही. सर काय बोलले होते? फरक दिसला तं संच नाही. आता फरकच फरक दिसून राहिला."

माझ्या डोळ्यांसमोर आत्याची मशीन उभी राहिली. मी रडायला लागले. आईलाही वाईट वाटलं, पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. आता काय करायचं, एवढंच तिने विचारलं.

"करायचं काय? डाग परत आणा," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सोमवारी पुस्तकं द्यायची होती. सकाळीच आम्ही तिघं भूगोल मध्ये ठेवून बसलो आणि कुठे काय होतं ते आठवू लागलो. पानं फाडणं सोपं होतं. बाबांनी ती हळहळत, पण अगदी जुन्या रेषेवरून फाडली. मुख्य अडचण डागाची. बाबांचं म्हणणं, गोड्या तेलाचा थेंब टाकला की झालं. आईने मान हलवली. तो डाग तिने स्वतःच्या हाताने काढला होता, त्याची जात तिला माहीत होती.

"तो वांग्याच्या भाजीचा होता. अन् भाजीत खसखस होती," ती म्हणाली.

बाबांना खरं वाटेना, म्हणून घरोघरच्या भाज्या ठाऊक असलेल्या, पलीकडच्या गल्लीतल्या गंगामावशीला बोलावलं. मुन्ना तिचाच भाचा निघाला. शाळेत होता तेव्हा तिच्याकडे राहायचा, आता कामठीला आईबापाकडे परत गेला होता. मावशीने सांगितलं, की भाजी वांग्याचीच होती, आणि खसखस ती तेव्हाही घालायची. मुन्ना जेवताना पुस्तक वाचत होता का, असं बाबांनी कौतुकाने विचारलं. मावशी म्हणाली, वाचते कुठचा, पुस्तकावर ताट ठेवायचा.

तर महिनाअखेरीला आमच्या चुलीवर खसखस घातलेली वांग्याची भाजी चढली. वर बोटभर तर्री, लालभडक तेलाचा तवंग. वासाने मी चुलीकडे सरकले, पण आईने सगळ्यांना लांब बसवलं. त्या दिवशी आमच्या घरात पहिलं वाढणं भूगोलाला झालं.

आईने चमच्यात तर्री घेतली. बाबा दोन्ही हातांनी पान ताणून धरून दिशा सांगू लागले. जरासं डावीकडं. अंदर घे. ब्राझीलच्या खाली. आयुष्यभर न सांडण्याची सवय लागलेल्या बाईला मुद्दाम सांडायला लावलं, तर काय होणार? चमचा कलंडला, आणि दक्षिण अमेरिका टोकापर्यंत तर्रीत बुडाली!

पुन्हा बेसन, पुन्हा तांब्या. डाग फिका झाला, पण इतका की सरांना दिसला नसता. म्हणून वर अर्धा थेंब टाकला. तो खाली झिरपला आणि पुढच्या पानावरच्या आफ्रिकेत निघाला. आफ्रिकेत आधी डाग नव्हता. आफ्रिका धुवायला घेतली, तर ब्राझीलचा गेला. दुपारपर्यंत आमची हीच येरझार चालली होती. आई पुढच्या पानाचे डाग काढत होती, बाबा मागच्या पानाला डाग पाडत होते आणि मी मध्ये बसून वारा घालत होते. भाजीतली वांगी तळाशी कोरडी पडली होती, कारण तर्री सगळी जगाच्या नकाशावर गेली होती.

मिशीचं काम माझ्याकडे दिलं होतं. चित्रकलेत मला कधीच बरे मार्क नव्हते, पण मिशी काढायला कितीसं यावं लागतं, असं मला वाटलं. मी काढली. एस्किमोच्या ओठावर झुरळ बसल्यासारखं दिसू लागलं. बाबांनी ती खोडून स्वतः काढली. बाबांना एकच मिशी नीट बघून माहीत होती, ती त्यांच्या साहेबांची. ती काढल्यावर एस्किमो इतका रागावलेला दिसायला लागला, की बाबा त्याच्यासमोर मोकळेपणाने बसेनात. तीही खोडली. आता कागद विरत चालला होता, आणखी एकदा खोडलं असतं तर एस्किमोला तोंडच राहिलं नसतं.

"ज्याची आहे त्यालेच बोलावून आणा," आई म्हणाली.

बाबा कामठीच्या बसमध्ये बसून गेले आणि उतरत्या उन्हात मुन्नाला घेऊन आले. वर्षभर ज्याच्या शेजारी बसून मी अभ्यास केला, तो माझ्या मनात हाफपँटीतला पोरगा होता. दारात उभा राहिला तो बेलबॉटमवाला तरुण, मानेवर केस, नखांत रंग, काखेत रंगाची पेटी. तो एका पेंटरच्या दुकानात बोर्ड रंगवायला लागला होता. बसमध्ये बाबांनी त्याला सगळी हकीकत सांगितली होती. तरी कोऱ्या ओठाचा एस्किमो बघून त्याचा चेहरा पडला.

"माह्यं सगळं काम खोडलं?" त्याने मला विचारलं.

आईने घाईघाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, उरलेली वांगी त्याला वाढली, आणि जेवता जेवता तो सहज सांगून गेला.

"मले नववीचा संच नाही देला सरांनी. ह्याच मिशांपायी."

ज्या मिशांवर मी वर्षभर हसले, त्या मिशांनी ह्याची शाळा सोडवली होती, आणि त्याच मिशा परत लावून द्यायला आम्ही त्याला आणलं होतं, माझी शाळा सुटू नये म्हणून! मला फार वाईट वाटलं. आईने त्याच्या ताटात आपल्या वाटचं वांगं वाढलं. बाबा म्हणाले, "राहू दे गा मुन्ना, नको काढू. पाहून घेऊ काय होते ते."

पण मुन्ना तोवर हात धुऊन पेटी उघडत होता. त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. त्याच्या कामासाठी कुणीतरी बसने आलं होतं, हे त्याच्या डोक्यात चढलं होतं.

"असं कसं, काकाजी? तवा माह्या हात कच्चा होता," तो म्हणाला. "आता पाहा."

बाबांनी त्याच्यापुढे पेन्सिल धरली. पेन्सिल आता आपण वापरत नाही, असं त्याने सांगितलं आणि ब्रश काढला. काळा तेलरंग घेतला, आणि एस्किमोला अशी मिशी लावली, की काय सांगू! दोन्ही टोकांना पीळ, वर चकाकी, खाली सावली. बेडकाला त्याने टायसोबत कोट दिला आणि कोटाला बटणं. गव्हर्नर जनरलच्या गॉगलमध्ये तर समोरचं नारळाचं झाड उमटलेलं दिसत होतं. बाबा त्याच्याभोवती घिरट्या घालत विनवण्या करत होते. जुनं होतं तसं काढ गा. जरासं खराब काढ. रेघ वाकडी जाऊ दे.

मुन्नाने ब्रश खाली ठेवला आणि बाबांकडे बघितलं.

"काकाजी, मले आता खराब काढता येत नाही," तो म्हणाला.

शेवटी पहिल्या पानावर पूर्वीसारखं नाव लिहायचं राहिलं होतं, ते त्याने लिहिलं. 'मुन्ना पेंटर, कामठी' असं लाल अक्षरांत, पिवळ्या किनारीसकट, आणि खाली बारीक अक्षरांत 'बोर्ड, बॅनर, नंबर प्लेट'. सगळ्या पुस्तकांत! मग शेवटची बस चुकेल म्हणून तो पळाला, आणि आम्ही तिघं त्या पुस्तकांकडे बघत बसलो.

सोमवारी सकाळी बाबा कचेरीचा पांढरा गणवेश घालून माझ्याबरोबर शाळेत आले. पुस्तकं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधली होती. घाटोळे सरांनी गाठ सोडली आणि आधी नाक वर केलं. खोलीत खसखस घातलेल्या वांग्यांचा वास पसरला. सरांनी भूगोल उघडला. ब्राझील बघितला. आफ्रिका बघितली. मग एस्किमोच्या पानावर आले आणि थांबले. त्यांनी त्या मिशीवरून अंगठा फिरवला. जाड थराचा तेलरंग आतून ओलाच होता. मिशी अर्धी अंगठ्याला आली. विचार करताना नाकाखाली अंगठा घासायची सरांना सवय होती, आणि त्या दिवशी त्यांना विचार करायला भरपूर होतं.

बघता बघता सरांना मिशी आली. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, आणि टोकाला पीळसुद्धा.

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं. सर आम्हाला विचारत होते, की हा काय प्रकार आहे, मी तुम्हाला काय सांगितलं होतं, सरकारी पुस्तकांची ही काय दशा केली. ते जितके रागावत होते तितकी मिशी थरथरत होती. मला हसू फुटायला लागलं. मी ओठ चावला, हाताला चिमटा काढला, आत्याच्या मशीनचा विचार केला. काही उपयोग होईना. तेवढ्यात सरांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि घाम पुसायला चेहऱ्याकडे नेला. बाबा एकदम पुढे झाले.

"सर, पुसू नका," ते हात जोडून म्हणाले. "ती मिशी सरकारची आहे."

सर थिजले. मग उठून खिडकीच्या काचेत बघितलं. काचेसमोर ते पाठमोरे इतका वेळ उभे राहिले, की आता आपली नववी गेली असं मी धरूनच चालले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सर रडतात की काय, असं मला वाटलं. ते वळले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसून हसून त्यांना उभं राहवत नव्हतं. बाबांनी लगेच खुर्ची पुढे केली (पाय मोजून!), आणि सर बसल्यावर सगळं सांगून टाकलं. भांडं घासून द्यायची आईची रीत, बेसन, तर्री, कामठीची बस, मुन्ना. तीन पायांच्या खुर्चीपर्यंत आले तेव्हा सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण पोट दुखायला लागलं होतं.

"अहो, आणखी खराब करू नका, एवढंच म्हणणं होतं माझं," सर म्हणाले. "साफ केली म्हणून कोणी रागावते का?"

बाबांनी यावर मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. सरांनी पहिल्या पानावरचं लाल नाव पुन्हा, बोट ठेवून वाचलं. मग शाळेचा बोर्ड रंगवायचा आहे, त्या मुन्नाला माझ्याकडे पाठवा, असं म्हणाले. आणि कपाटातून माझा नववीचा संच काढून दिला.

संच नवाकोरा होता! छापखान्याचा वास येत होता. पानं एकमेकांना चिकटलेली होती. मुन्ना नव्हता, मिशी नव्हती, एक डाग नव्हता. मी आनंदाने नाचत घरी आले. माझ्यामागून बाबा तो संच दोन्ही हातांवर धरून, पायाखालची वाट निरखत चालत आले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. जुन्या पुस्तकांत एखादा डाग वाढला असता तर चार डागांत खपून गेला असता. आता पडेल तो पहिला डाग आमचाच ठरणार होता.

घरी येताच त्यांनी संच पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. अभ्यास रोज त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा. आधी हात साबणाने धुवायचे, मग पुसायचे, मग ते सुकेपर्यंत हवेत धरायचे. वांगं घरात आणायला बंदी. पानं बाबा उलटणार, मी नाही. कणा मोडू नये म्हणून पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, फक्त एक डोळा आत घालता येईल एवढंच. त्यामुळे डावीकडच्या पानावरच्या ओळींची मला फक्त सुरुवात दिसायची आणि उजवीकडच्या ओळींचा फक्त शेवट. वर्षभर मी मन लावून तेवढ्याच पाठ केल्या. वार्षिक परीक्षेत 'प्रकाशाचे परावर्तन म्हणजे' इथपर्यंत अगदी अचूक लिहिलं. पुढचं घडीत राहिलं होतं.

मी नापास झाले. आत्याने मशीनला तेल घातल्याचा निरोप पाठवला. बाबांनी मात्र पेटी उघडली, संच काढून माझ्यासमोर ठेवला आणि डोळे भरून पाहिला.

"रडू नको वं. पाह्य, कशी नवीकोरी आहेत," ते म्हणाले. "पुन्हा घेऊ."

जूनमध्ये शाळा उघडली. घाटोळे सर आम्ही परत केलेला तो संच घेऊन वर्गात आले आणि सगळ्यांना एकेक पुस्तक उंच धरून दाखवलं. वर्षभर वापरूनही पुस्तकं अशी ठेवता येतात, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग सरांनी चष्मा पुसला, यादी उघडली आणि विचारलं, की यंदा नववीत हा संच कोणाला हवा आहे.

मी हात वर केला.